इंग्रजीतला ‘रन’ कसा पकडायचा: नव्याने बोलायला लागलेल्यांसाठी

रन म्हणजे धाव, हे आपल्याला एबीसीडी यायच्या आधीच माहीत असतं, गल्लीत क्रिकेट खेळायला कुणी इंग्रजीचा क्लास लावत नाही. आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नवीन नोकरीत पहिल्याच आठवड्यात मेल येतो, ‘प्लीज रन धिस बाय अकाउंट्स’. परदेशात असाल तर डॉक्टर म्हणतो ‘वी विल रन सम टेस्ट्स’, घरमालक म्हणतो ‘द लीज रन्स टिल मार्च’, आणि आपण मनातल्या मनात सगळ्यांना पळवत बसतो. अकाउंट्सवाले पळाले, टेस्ट पळाल्या, भाडेकरार पळाला.

हे लिहितोय ते अशा लोकांसाठी की ज्यांना व्याकरण बऱ्यापैकी येतं, वाचलेलं समजतं, पण समोरचा सहज बोलायला लागला की गाडी अडते. शब्द एकच घेतलाय, कारण हा एक नीट बसला की गेट, सेट, टेक, पुट या बाकीच्या त्रासदायक मंडळींना कसं हाताळायचं तेही आपोआप कळतं.

आधी एक आकडा सांगून टाकतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात ‘रन’ या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवलेत. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराला ही एक नोंद नव्याने लिहायला नऊ महिने लागले. त्याआधी वर्षानुवर्षं ‘सेट’ पहिल्या नंबरावर होता. आता ६४५ वाचून लगेच पोटात गोळा आणू नका, त्यातले ढिगाने अर्थ जुने, जहाजावरचे, खाणीतले, शिकारीतले आहेत. रोजच्या बोलण्यात तीसेक आले तरी तुमचं कुठे अडत नाही. आणि आपण तरी काय साधे आहोत? आपल्याकडे तहान लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, सिनेमा लागतो, ठेच लागते, दार लागतं, चष्मा लागतो आणि पोरगा नादी लागतो. यातलं एकही कुणी पाठ केलेलं नसतं. सोबत कोण आलंय ते बघून आपण अर्थ लावतो (घ्या, अर्थसुद्धा लागतो). रनचंही तसंच करायचं.

पायरी १: रूपं पक्की करा, हे दहा मिनिटांचं काम आहे

रन, रॅन, रन. आज रन, काल रॅन, आणि हॅव-हॅज-हॅडच्या मागे पुन्हा रन. चूक होते ती या तिसऱ्या ठिकाणी. ‘वी हॅव रॅन आउट ऑफ पेपर’ असं भरपूर लोक लिहितात, मॅनेजर लोकसुद्धा लिहितात, पण बरोबर आहे ‘वी हॅव रन आउट ऑफ पेपर’. तसंच ‘धिस कॅन्टीन इज रन बाय अ बचत गट’, इथेही रनच, रॅन नाही. रनिंग लिहिताना एन दोनदा. झालं, पुढे चला.

पायरी २: ‘धावणे’ बाजूला ठेवा, आधी ‘चालणे’ लावून बघा

ही पायरी सगळ्यात कामाची आहे म्हणून इथे जरा थांबतो. शाळेत रन म्हणजे धावणे आणि वॉक म्हणजे चालणे असं शिकवलेलं असतं, त्यामुळे चालणे आणि रन ही जोडी आपल्याला सुचतच नाही. पण माणूस किंवा जनावर सोडून बाकी काहीही रन होत असेल तर दहापैकी सात वेळा मराठीत तिथे चालणे, चालू असणे किंवा चालवणे बसतं. ‘द इंजिन इज रनिंग’, इंजिन चालू आहे. ‘शी रन्स अ मेस इन सदाशिव पेठ’, ती मेस चालवते. ‘द पंप रन्स ऑन डिझेल’, पंप डिझेलवर चालतो. ‘द प्ले रॅन फॉर टू इयर्स’, नाटक दोन वर्षं चाललं. मराठा मंदिरला जो सिनेमा वर्षानुवर्षं चालला त्याला इंग्रजीत म्हणायचं झालं तर ‘लाँग रन’च म्हणतात, आणि आपणही ‘चालला’च म्हणतो, ‘धावला’ नाही म्हणत.

हॉटेलच्या जाहिरातीतलं ‘चालू हॉटेल भाड्याने देणे आहे’ आणि ‘रनिंग हॉटेल’ हे एकच. फक्त उलट्या बाजूने जाऊ नका, कारण ‘तो फार चालू आहे’ याचं इंग्रजी ‘ही इज व्हेरी रनिंग’ होत नाही, तिथे कनिंग म्हणावं लागतं, यमक जुळतंय तेवढंच समाधान.

गाड्यांच्या बाबतीत गंमत आहे. पेपरवाले ‘धावली’ लिहितात. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली, डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून धावतेय, वगैरे. इथे धावणे आणि रन अगदी चिकटून बसतात. पण स्टँडवर उभा असलेला माणूस कधी ‘पुढची गाडी किती वाजता धावणार’ असं विचारतो का? तो विचारतो, ‘गाडी आहे का?’ म्हणून ‘द बस रन्स एव्हरी ट्वेंटी मिनिट्स’ ऐकलं की डोक्यात ‘दर वीस मिनिटांनी गाडी आहे’ एवढंच आलं पाहिजे. आणि ‘द ट्रेन इज रनिंग लेट’ म्हणजे गाडी लेट आहे. माणूससुद्धा रनिंग लेट असतो, ‘सॉरी, आय ॲम रनिंग लेट’, म्हणजे मला उशीर होतोय. तो बहुतेक अजून घरीच मोजे शोधत असतो, पळत वगैरे काही नसतो.

पायरी ३: रनच्या पुढे कर्म आहे का ते बघा

‘ही रन्स’ आणि ‘ही रन्स अ पतसंस्था’ यात जमीन-अस्मानाचा फरक. पहिला पळतो, दुसरा पळून गेला नाही म्हणजे मिळवली. पुढे एखादी वस्तू, संस्था, काम आलं की रन म्हणजे चालवणे, सांभाळणे, करणे. रन अ शॉप, रन अ फॅमिली बिझनेस, रन अ कॅम्प, रन अ सर्व्हे. डॉक्टर ‘रन सम टेस्ट्स’ म्हणतो म्हणजे काही तपासण्या करू या. बँकवाला ‘रन अ चेक’ म्हणतो म्हणजे तुमची माहिती तपासतो. पेपर ‘रॅन द स्टोरी’ म्हणजे बातमी छापली.

कॉम्प्युटरवरही हेच, एमएस-सीआयटी केलेल्यांना आठवत असेल की विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबलं की जी छोटी खिडकी येते तिचं नावच रन. प्रोग्रॅम रन करा म्हणजे चालवा. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणजे मालकाच्या हक्काने चालवा. आयटीवाल्यांनी हे मराठीत इतकं मुरवलंय की ‘क्वेरी रन केली, अडकली’ हे वाक्य आता आपलंच झालंय.

काही कर्मं मात्र चकवतात, त्यांच्यासाठी नियम नाही, सरळ लक्षात ठेवा.

‘रन अ टेंपरेचर’ किंवा ‘रन अ फीव्हर’: अंगात ताप असणे. ‘माय डॉटर इज रनिंग अ टेंपरेचर’ असं शाळेला कळवलं की पुरतं.

‘रन अ बाथ’: टबमध्ये आंघोळीचं पाणी सोडणे. बादली-मग्याच्या आंघोळीला हे लागू नाही.

‘रन अ रेड लाइट’: सिग्नल तोडणे. हे अमेरिकन. ब्रिटिश माणूस जंप म्हणतो, आपणही ‘सिग्नल जंप’च म्हणतो.

‘रन अ रिस्क’: धोका पत्करणे.

‘रन एरंड्स’: बाहेरची बारीकसारीक कामं उरकणे, दळण, लाइटबिल, औषधं. शनिवारी सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडलेला प्रत्येक मराठी बाप एरंड्स रन करत असतो, त्याला पत्ता नसतो एवढंच.

आणि माझं सगळ्यात आवडतं, ‘आय विल रन यू टू द स्टेशन’. इंग्लंडमध्ये कुणी असं म्हणालं तर घाबरू नका, तो तुम्हाला पळवत नेणार नाहीये, गाडीने स्टेशनवर सोडतो म्हणतोय. थँक यू म्हणा आणि बसा.

पायरी ४: पाणी, रस्ता, रंग, करार, आनुवंशिकता

जे सलग जातं, वाहतं किंवा पसरतं तेही रन. नदी रन होते, नळ रन होतो, नाक रन होतं. ‘यू लेफ्ट द टॅप रनिंग’, नळ चालू ठेवलास. ‘रनी नोज’, नाक गळतंय. नवीन कुर्ता धुताना ‘द कलर रॅन’, म्हणजे रंग गेला आणि सोबतच्या पांढऱ्या बनियनचं वाटोळं झालं. परदेशात कपड्याच्या लेबलवर रंगाबद्दल ‘मे रन’ दिसलं तर तो कपडा वेगळा धुवा.

न हलणाऱ्या गोष्टीही रन होतात, हे पचायला वेळ लागतो. ‘द सह्याद्रीज रन पॅरलल टू द कोस्ट’, सह्याद्री किनाऱ्याला समांतर पसरलाय. ‘द रोड रन्स बिहाइंड द स्कूल’, रस्ता शाळेच्या मागून जातो. मराठीत तरी काय वेगळं, रस्ता कुठे जातो, तो तिथेच पडलेला असतो, पण आपण ‘हा रस्ता कुठे जातो’ असंच विचारतो.

मुदतीलाही रन. आपल्याकडचं लीव्ह अँड लायसन्स बहुतेक ११ महिन्यांचं असतं, ते ‘रन्स फॉर इलेव्हन मंथ्स’. ‘द सेल रन्स टिल संडे’, सेल रविवारपर्यंत आहे. आणि ‘डायबिटीस रन्स इन अवर फॅमिली’, आमच्या घराण्यात शुगर आहे. हे वाक्य परदेशात डॉक्टरकडे जाताना तयारच ठेवा, पहिला फॉर्म भरतानाच विचारतात.

डॉक्टरचा विषय निघालाच आहे तर ‘द रन्स’. आय हॅव द रन्स म्हणजे जुलाब होतायत. का ते सांगायची गरज नाही, पळापळ कुठे होते ते सगळ्यांना माहितीये. आपण ‘लूज मोशन’ म्हणतो, ते भारताबाहेर नीट कळेलच असं नाही, तिथे सरळ डायरिया म्हणा. ‘द रन्स’ मित्रांमध्ये ठीक आहे, बॉसला सुट्टीच्या मेलमध्ये नको.

पायरी ५: मागची शेपटी, खरी परीक्षा इथे आहे

रनच्या मागे आउट, इनटू, ओव्हर, डाउन, अप, थ्रू, बाय असा छोटा शब्द लागला की अर्थ पूर्ण फिरतो. इथे रन वेगळा आणि शेपटी वेगळी असं वाचायचं नाही, दोन्ही मिळून एकच शब्द समजायचा.

रन आउट घ्या. आपल्याला माहीत असलेला म्हणजे धावबाद. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये डर्बनला सचिनला टीव्ही रिप्ले बघून बाद दिलं गेलं, तिसऱ्या अंपायरने दिलेला तो पहिला बळी, आणि तो होता रनआउट. हा अर्थ इतका पक्का बसलाय की ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’ ऐकल्यावर आपल्याला साखर क्रीझच्या बाहेर दिसते. खरं म्हणजे साखर संपली. मध्ये ‘ऑफ’ आहे का ते बघा, ऑफ असेल आणि पुढे वस्तू असेल तर संपणे. वस्तूच कर्ता झाली तर ऑफ नको: ‘टाइम इज रनिंग आउट’, वेळ संपत आलाय. आणि क्रिकेटमध्ये ‘ही वॉज रन आउट’ म्हणतात, ‘ही रॅन आउट’ म्हणालात तर तो बाहेर पळत गेला असा अर्थ निघतो. संपायच्या आधीची पायरी पण आहे, ‘वी आर रनिंग लो ऑन गॅस’, सिलिंडर संपत आलाय, आणि ‘रनिंग शॉर्ट’, कमी पडतंय.

रन ओव्हर तर डेंजर आहे. ‘द मीटिंग रॅन ओव्हर’, मीटिंग लांबली. ‘लेट्स रन ओव्हर द पॉइंट्स’, मुद्द्यांवरून एकदा नजर फिरवू. ‘द मिल्क रॅन ओव्हर’, दूध उतू गेलं, हे रोजच्या बोलण्यात ‘बॉइल्ड ओव्हर’ जास्त. आणि ‘अ ट्रक रॅन हिम ओव्हर’, ट्रकखाली आला. एकाच शेपटीत मीटिंग, दूध आणि अपघात, म्हणून ‘आय रॅन ओव्हर माय बॉस’ असलं काही घाईत बोलू नका, पोलीस केस वाटेल. मुद्द्यांसाठी ‘रन थ्रू’ वापरा, तो सुरक्षित आहे. ‘लेट्स रन थ्रू द प्रेझेंटेशन’, एकदा सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघून घेऊ.

रन इनटू: माणूस असेल तर अचानक भेटणे. ‘आय रॅन इनटू माय टीचर ॲट दादर’, दादरला आमच्या बाई भेटल्या, अगदी अवचित. खांब असेल तर आपटणे. अडचण असेल तर सापडणे, ‘वी रॅन इनटू ट्रबल’. आणि पैसा असेल तर आपल्याकडे त्याला फार छान म्हणतात: ‘द कॉस्ट रन्स इनटू करोर्स’, खर्च कोटींच्या घरात जातो. इतकं चपखल जुळणारं क्वचित सापडतं.

रन डाउन: बॅटरी रन डाउन, उतरली. बिल्डिंग रन-डाउन, मोडकळीला आलेली, पडझड झालेली. माणूस रन-डाउन, गळून गेलाय, थकलाय, अंगात त्राण नाही. कुणी दुसऱ्याला रन डाउन करतो, म्हणजे नावं ठेवतो. ‘गिव्ह मी अ रनडाउन’, थोडक्यात सगळं सांग. टीव्ही न्यूजमध्ये काम करणाऱ्यांचा रनडाउन अजून वेगळा, बुलेटिनमध्ये कोणती बातमी कुठल्या नंबरला जाणार त्याची यादी.

रन अप: ‘रन अप अ बिल’ म्हणजे उधारी किंवा बिल वाढवत नेणे, टपरीवरची वही आठवा. बोलरचा रनअप वेगळा, आणि ‘इन द रन-अप टू द इलेक्शन’ म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर.

रन बाय: सुरुवातीचा मेल आठवतोय? ‘रन धिस बाय अकाउंट्स’ म्हणजे अकाउंट्सच्या कानावर घाला, त्यांना दाखवून त्यांचं म्हणणं घ्या. नुसतं फॉरवर्ड करून हात झटकणं यात येत नाही, उत्तराची वाट बघायची असते. नवीन माणूस इथे हमखास गडबडतो, फॉरवर्ड करतो आणि पुढच्या कामाला लागतो. ‘कॅन यू रन दॅट बाय मी अगेन?’ याचा अर्थ परत एकदा सांग, नीट कळलं नाही. हे वाक्य तुम्हीही वापरू शकता, आणि खरं सांगायचं तर नुसत्या ‘व्हॉट?’ पेक्षा शंभरपट बरं दिसतं.

रन विथ: ‘रन विथ इट’, हे आता तुझं, घे आणि पुढे ने. ‘हिट द ग्राउंड रनिंग’, पहिल्या दिवसापासून जोरात काम सुरू. नोकरीच्या जाहिरातीत हे असेल तर समजा की ट्रेनिंग-बिनिंग काही मिळणार नाही.

रन-इन: ‘ही हॅड अ रन-इन विथ द बॉस’, बॉसशी वाजलं. हाच ‘रनिंग-इन’ नवीन गाडीच्या बाबतीत म्हणजे सुरुवातीचे किलोमीटर इंजिनला ताण न देता चालवणं.

बाकी रन अवे, रन ऑफ हे पळून जाणेच, त्यात काही डोकं लावायचं नाही.

पायरी ६: ‘अ रन’, म्हणजे नाम झालं की

क्रिकेटच्या रनला पाय लागतातच असं नाही, चौकार मारला की कुणी धावलं नाही तरी चार मिळतात. सचिनच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधल्या ३४,३५७ धावांपैकी कित्येक तो उभ्या उभ्याच कमावून बसला. मराठी पेपरांनी धावबाद, धावफलक, धावसंख्या, धावगती असं सगळं कुटुंब या एका शब्दावर उभं केलं, आणि माझ्या मते आपल्या डोक्यात रन म्हणजे धाव इतकं घट्ट बसायला शाळेपेक्षा हेच जास्त जबाबदार आहे. तक्रार नाही, धावबाद हा फार देखणा शब्द आहे.

रनर पण बघा. क्रिकेटमध्ये जखमी बॅट्समनसाठी पळणारा, जो आंतरराष्ट्रीय सामन्यांतून २०११ मध्ये आयसीसीने बंद केला. पण शिकायला लंडनला गेलात आणि हॉटेलात पार्टटाइम ‘रनर’ची नोकरी मिळाली तर किचनमधून टेबलापर्यंत ताटं पोचवायची असतात. ‘डू अ रनर’ मात्र वेगळंच, खाऊन बिल न देता पसार होणे. म्हणजे रनरचं काम करणे वेगळं आणि रनर करणे वेगळं, गल्लत करू नका. रनर-अप म्हणजे उपविजेता, अनेकवचन रनर्स-अप, एस मध्ये येतो, शेवटी नाही.

बँकेवर ‘रन’ येतो तेव्हा सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला धावतात. अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेत एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायच्या मागण्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. तेही बहुतेक मोबाइल आणि कॉम्प्युटरवरून, रांग न लावता.

निवडणुकीत अमेरिकन माणूस ‘रन्स फॉर प्रेसिडेंट’, ब्रिटिश ‘स्टँड्स’. आपण मराठीत उभे राहतो, म्हणजे या बाबतीत ब्रिटिशांच्या बाजूला, आणि भारतीय इंग्रजीत काँटेस्ट करतो. अमेरिकेत उपाध्यक्षपदाचा सोबतचा उमेदवार म्हणजे रनिंग मेट.

‘ट्रायल रन’ आणि ‘ड्राय रन’, रंगीत तालीम. ‘इन द लाँग रन’, पुढे जाऊन, शेवटी बघता. ‘रन ऑफ द मिल’, साधंसुधं, चारचौघांसारखं. ‘ऑन द रन’, फरार. आणि ‘रन-ऑन सेंटेन्स’ म्हणजे न थांबता कॉमा देत देत चाललेलं वाक्य, ज्याचे नमुने तुम्ही वरपासून वाचत आलाच आहात.

पायरी ७: आपलं घरचं ‘रनिंग’, कुठे चालेल कुठे नाही

मराठीत आपण रनिंग हा शब्द आधीच भरपूर वापरतो, फक्त तो सगळीकडे चालत नाही.

फॅब्रिकेटर ग्रिलचा भाव ‘रनिंग फूट’वर सांगतो, म्हणजे उंची-बिंची न धरता सलग लांबीवर. हे खरं इंग्रजी आहे, बाहेर लिनियर फूटही म्हणतात. यातला ‘सलग’ नीट धरून ठेवा, कारण ‘थ्री डेज रनिंग’ म्हणजे सलग तीन दिवस, हे त्याच जातीचं आहे. तीन दिवस पळाला असं नाही. सरकारी कामांचे काँट्रॅक्टर ‘आरए बिल’ म्हणतात ते रनिंग अकाउंट बिल, काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणारं. भुसावळ, दौंड, मनमाडसारख्या रेल्वेच्या गावांत ‘रनिंग स्टाफ’ आणि ‘रनिंग रूम’ पोरापोराला माहीत असतं. गाडीवर जाणारा स्टाफ आणि त्यांची विश्रांतीची खोली. विश्रांतीच्या खोलीला रनिंग रूम म्हणणं हा रेल्वेचाच विनोद.

आता न चालणारे. ‘रनिंग ट्रेन पकडली’ हे मुंबईत सगळ्यांना कळतं, पण बाहेर मूव्हिंग ट्रेन म्हणा. ‘रनिंग हँडरायटिंग’ शाळेत ठीक, बाहेर त्याला कर्सिव्ह म्हणतात, ब्रिटिश मुलं जॉइन्ड-अप म्हणतात (आपली मोडी ही खरी रनिंग, हात उचलायचं कामच नाही). बायोडेटात ‘एज: ट्वेंटी एट रनिंग’ हे अठ्ठाविसावं चालू याचं शब्दशः भाषांतर आहे, लग्नाच्या बाजारात चालून जाईल, व्हिसाच्या फॉर्मवर वयाचा सरळ आकडा टाका.

पायरी ८: सवय कशी लावायची

यादी पाठ करू नका, तीन दिवसांत विसराल. आठवडाभर फक्त एक शेपटी धरा. या आठवड्यात रन आउट ऑफ, पुढच्या आठवड्यात रन इनटू. घरात काय संपलं ते मनात इंग्रजीत म्हणायचं, कोण रस्त्यात भेटलं ते म्हणायचं, बस. डिक्शनरी बघायची तर लर्नर्स डिक्शनरी बघा, केंब्रिज, ऑक्सफर्ड, लाँगमन तिन्हींची नेटवर फुकट आहे, त्यात नेहमीचे अर्थ आधी येतात आणि शेपटीवाले वेगळे काढून दिलेले असतात. मोठा कोश उघडलात तर ६४५ अंगावर येतील.

ऐकताना कळलं नाही तर आधी कर्ता बघा (माणूस की वस्तू), मग कर्म, मग शेपटी. तरी नाही कळलं तर विचारा, ‘सॉरी, रन दॅट बाय मी अगेन?’, म्हणजे प्रश्न पण झाला आणि प्रॅक्टिस पण.

जाता जाता सहा वाक्यं देतो, आधी स्वतः लावून बघा. एक, ‘माय फोन इज रनिंग आउट ऑफ बॅटरी.’ दोन, ‘शी रन्स द होल ऑफिस.’ तीन, ‘द पालखी रूट रन्स थ्रू सासवड.’ चार, ‘कॅन यू रन मी होम?’ पाच, ‘इट रेन्ड फोर डेज रनिंग.’ सहा, ‘स्टबर्ननेस रन्स इन द फॅमिली.’

उत्तरं: फोनची बॅटरी संपत आलीये. सगळं ऑफिस तीच चालवते. पालखीचा मार्ग सासवडवरून जातो (ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा, तुकोबांची लोणी काळभोरकडून जाते). मला घरी सोडशील का. सलग चार दिवस पाऊस पडला. आणि हट्टीपणा घराण्यातच आहे, हे मात्र कुणाच्या तोंडावर म्हणू नका.